आलेखातली पायरी

डागबाईच्या अंगावर सव्वीस वर्षं लोखंड नव्हतं. केसांत प्लॅस्टिकच्या पिना, कपड्यांना पितळी हुक, चपला शिवलेल्या, बिनखिळ्यांच्या. चष्म्याचे बारीक स्क्रूही तिने पितळेचे बसवून घेतले होते. तेव्हा चष्मेवाला म्हणाला होता, "बाई, एवढ्या खटाटोपापेक्षा डोळेच बदलून घ्या, लवकर होईल." ती हसली नव्हती. तिच्या कामात लोखंडाची थट्टा चालत नसे.

काम होतं पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवण्याचं. ठिकाण एका जिवंत ज्वालामुखीच्या खांद्यावर. वर कचेरीची एक खोली, तिच्यात टेबल, संगणक, दुर्बीण आणि एक कुरकुरणारी खुर्ची. तिथून दोनशे पावलं खाली, मागच्या उतारावर, झुडपांच्या आड यंत्राची खोली. ही दुसरी खोली दगडाची, तांब्याच्या खिळ्यांची, बिनखिडक्यांची. आतलं यंत्र इतकं नाजूक, की खिशात किल्ली घेऊन कुणी दाराशी उभा राहिला तरी आलेख बिघडायचा. म्हणून तिथे कुणी जायचं नाही. डागबाईसुद्धा फक्त सोमवारी सकाळी जाई. बाकी दिवस केबलमधून जे वर येईल ते पाहायचं. गाड्यांना तर पुढच्या वळणावरच्या पांढऱ्या दगडाच्या पलीकडे बंदी.

डागबाई हे नाव पायथ्याच्या वस्तीने ठेवलेलं. रोज सकाळी ती दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर घेई आणि त्याच्यावरचे काळे डाग पेन्सिलीने उतरवून काढी. "ही बाई सूर्यालाही सोडत नाही, त्याचेही डाग काढते," असं वस्तीत म्हणत. लग्न न केलेल्या बाईला हे नाव बरं बसलं.

सूर्यावर स्फोट झाला, की दोन-तीन दिवसांनी त्याचा वारा पृथ्वीवर येऊन आदळतो, चुंबकसुई थरथरते, रेडिओ खरखरतात. एवढं सगळ्या जगाला ठाऊक आहे. डागबाईचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. अशा वादळानंतर एक-दोन दिवसांत तिच्या आलेखात एक पायरी दिसे. रेघ चालता चालता एकदम खाली उतरायची, चार-पाच तास टेबलासारखी सपाट राहायची, मग पुन्हा वर चढायची. आणि पायरी दिसली की बहुतेक वेळा नऊ दिवसांच्या आत डोंगर हलायचा. कधी कपबशी वाजण्याइतका, कधी भिंतीला चीर पडण्याइतका. तिचं उत्तर सरळ होतं: सूर्य ढकलतो, आतला खडक दबतो, दबलेल्या खडकाचं चुंबकत्व बदलतं. म्हणून पायरी.

हे तिने मुख्य कचेरीला अकरा वेळा लिहून कळवलं. दहा वेळा उत्तर आलं, नोंद घेतली. अकराव्या वेळी कुणा तरुण अधिकाऱ्याने दोन ओळी जास्त लिहिल्या: हा डोंगर तसाही दर आठ-दहा दिवसांनी हलतो, तेव्हा पायरी नसताना किती वेळा हलला तेही कळवावे. डागबाईला ते लागलं. तिने कागद घडी करून खणात टाकला आणि पुढे कुणाला काही लिहिलं नाही.

कारण तिच्याजवळ एक पुरावा होता, तो कागदावरचा नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी सलग पायऱ्या दिसल्या तेव्हा तिने पायथ्याच्या वस्तीत राहणाऱ्या थोरल्या बहिणीला सांगितलं, "ताई, घर सोड." ताईने सोडलं. चौथ्या दिवशी डोंगराने राख ओकली आणि ताईच्या घराचं छप्पर राखेच्या वजनाने स्वयंपाकघरात येऊन बसलं. तेव्हापासून ताईचा तिच्यावर विश्वास. तो बोलून दाखवायची गरज कधी पडली नाही.

दुसऱ्यांदा, चार वर्षांपूर्वी, नेहमीपेक्षा खोल पायरी दिसली तेव्हा ताईने पुन्हा घर सोडलं. डोंगर त्या वेळी हलला नाही. पण परक्या खोलीत, फरशीवर झोपून, पाचव्या दिवशी पहाटे भाऊजींची डावी बाजू गेली. त्याबद्दल ताई तिला एका शब्दाने बोलली नाही. ते न बोलणं डागबाई चार वर्षं वाहत होती.

आणि आता ही तिसरी वेळ.

गेल्या बुधवारी वादळ आलं, गुरुवारी तशीच खोल पायरी दिसली, शुक्रवारी ताईने टेंपो बोलावला. शेजारीपाजारी दारात उभे राहून बघत होते. एक जण म्हणालाही, "काय हो, डाग पडला वाटतं?" ताईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याला पाठीवर घ्यावं तसं टेंपोत चढवलं आणि बाजारगावात, एका छापखान्यामागची कोठी मिळाली तिथे ती दोघं राहायला गेली.

या बुधवारी संध्याकाळी डागबाई तिथे गेली तेव्हा भाऊजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. भिंतीपलीकडे यंत्र धडधडत होतं आणि खोलीला शाईचा वास होता.

"परवापासून तोंडात घास घेत नाहीत," ताई म्हणाली. "संडास पलीकडच्या अंगाला, तीन पायऱ्या उतरून. मी एकटी नेऊ शकत नाही. छापखान्यातल्या माणसाला हाक मारावी लागते. म्हणून खाणंच बंद केलंय त्यांनी. खाल्लं तर जावं लागेल ना."

"भाऊजी," डागबाई वाकून म्हणाली, "दोन घास तरी."

भाऊजी पाथरवट होते. आयुष्यभर दगड फोडलेला माणूस. आता त्यांचं बोलणं अर्ध्या तोंडातून, फुटल्यासारखं येई. "तुझा डोंगर," ते म्हणाले, "कधी येतोय म्हणाला?"

"तीन दिवस राहिलेत."

"तीन म्हणजे तीनच ना गं धाकटे?" ताईने विचारलं. "नक्की सांग. तीन दिवस मी काढीन कसेही. पण हे काढतील का, ते मला सांगता येत नाही."

डागबाई म्हणाली, "उद्या बघून सांगते."

सव्वीस वर्षांत तिने असं उत्तर कधी दिलं नव्हतं. बसमध्ये तिचं तिलाच ते टोचत राहिलं.

गुरुवारी सकाळी तिने सूर्य उतरवला. दोन किरकोळ डाग, कडेला सरकलेले. वादळ कुठेच नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिच्या डोळ्यांदेखत पडद्यावरची रेघ खाली उतरली आणि सपाट झाली.

पायरी. वादळ नसताना. आठवड्यात दुसरी.

तिचा हात फोनकडे गेला. ताईला सांगायला हवं, की तीन दिवसांचं विसर, आता हलूच नकोस. वस्तीलाही सांगायला हवं, हसले तर हसू देत. आणि भाऊजी? नऊ दिवस आणखी, त्या भिंतीकडे तोंड करून? फोन हातात धरून ती तशीच बसली. तिला शिकवणारे जुने निरीक्षक म्हणत, "आधी आपली केबल बघावी, मग डोंगराला नावं ठेवावीत." इतक्या वर्षांत पायरी दिसल्यावर केबल बघायला ती कधीच खाली गेली नव्हती. पायरी दिसली की तिला पडद्यासमोरून उठवत नसे. पोर चालायला लागल्यावर आई जशी टक लावून बसते तशी ती बसायची. केबल सोमवारी बघायची, आणि सोमवारी ती नेहमी ठीकच असायची.

तिने फोन टेबलावर ठेवला आणि उतार उतरू लागली.

यंत्राच्या खोलीला वळसा घालून ती मागच्या भिंतीशी आली. भिंतीपासून वीस-पंचवीस पावलांवर, एका गर्द झाडाच्या सावलीत, जीप उभी होती. दार उघडं, दारातून बाहेर दोन पाय, पायांच्या पलीकडे घोरणं.

जीप डोंगरवाल्या खात्याची. त्या खात्याचे साहेब उतारावरची यंत्रं आणि रेडिओचे खांब सांभाळत. पायही ओळखीचे होते. वर्षानुवर्षं हा ड्रायव्हर पांढऱ्या दगडापाशी तिला हात करून वरच्या वाटेकडे वळे.

"अहो, उठा."

तो धडपडून बसला. "बाई! आज सोमवार आहे?"

"गुरुवार आहे."

"मग तुम्ही इथे कशा?"

"ते मी विचारायचं. गाडी इथे किती वेळ आहे?"

"आत्ता आलो. अकरा-सव्वाअकरा." त्याने किल्लीला हात घातला. "लगेच काढतो."

"थांबा. किती वर्षं लावताय इथे?"

तो डोकं खाजवत राहिला. मग तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "माझी धाकटी झाली त्या वर्षापासून असेल. ती आता कॉलेजात आहे. पण बाई, रोज नाही हो! साहेबांना वरच्या वाटेला सोडायचं, ते चार-पाच तास यंत्रं बघत फिरतात, तोवर मी कुठे बसू? पांढऱ्या दगडापाशी डोकं तापतं नुसतं. इथे सावली आहे, फोनला रेंज आहे. तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही. आणि म्हटलं, भिंत एवढी जाड, आत काय कळणार?"

"आत सगळं कळतं," डागबाई म्हणाली.

तिने त्याच्याकडे जीपची वही मागितली. प्रत्येक फेरीची तारीख आणि कारण तिच्यात लिहावं लागे. "तुम्हीच वाचा," ती म्हणाली. "या वर्षीच्या इकडच्या फेऱ्या. तारखा तेवढ्या."

तो बोट फिरवत वाचू लागला. पायऱ्यांच्या तारखा तिला पाठ होत्या, इतर बायकांना घरातल्यांचे वाढदिवस असतात तशा. पहिली जुळली. दुसरी जुळली. तिसऱ्या तारखेला तिने विचारलं, "कारण काय लिहिलंय?"

"रेडिओ बंद. सगळीकडे तेच आहे बघा. ते सूर्याचं काहीतरी होतं ना तुमचं, वादळ का काय, तेव्हा वरचे रेडिओ बोंबलतात. मग दुसऱ्या दिवशी साहेबांना येऊन ते चालू करावे लागतात. गेल्या गुरुवारीही तेच."

"आणि आज?"

"आज काय, पाहुणे!" तो जरा सैलावला. "साहेबांची सासुरवाडी आलीय. ज्वालामुखीचं तोंड बघायचंय म्हणे मेहुण्याला. मी मनात म्हटलं, घरात साहेबांचं तापलेलं तोंड रोज बघतोस ते काय कमी आहे?"

त्याने उरलेल्या तारखाही वाचल्या, मग डागबाईने थांबवायला हात वर केला. सहाच्या सहा तारखा जुळल्या होत्या. आजची सातवी.

"राख पडली ते वर्ष आठवतं?"

"न आठवायला काय झालं! त्या आठवड्यात रोज वर. ते जुने साहेब होते, वाळके, कमी बोलणारे. त्यांना झऱ्याचं पाणी कोमट लागलं होतं. रोज येऊन हात बुडवून बघायचे. वरिष्ठांना लिहिलं होतं त्यांनी, वस्ती हलवू का म्हणून. उत्तर येईपर्यंत राख आली."

चार वर्षांपूर्वीच्या त्या फेरीचंही तिने विचारलं; "तेव्हाही रेडिओचा खांबच," तो म्हणाला. झाडाची सावली जीपच्या टपावरून तिच्या पायांपर्यंत आली होती. ती सावलीत बसली. तिला रडू आलं नाही, राग आला नाही.  सूर्य ढकलत होता हे खरं. तो रेडिओला ढकलत होता, रेडिओ साहेबांना, साहेब जीपला. शेवटी जीपचं लोखंड तिच्या आलेखात येऊन बसत होतं. आणि डोंगर आपला हलत होता, दर आठ-दहा दिवसांनी, त्या तरुण अधिकाऱ्याने लिहिलं होतं तसा.

"बाई, तक्रार करणार का?" ड्रायव्हरने हळूच विचारलं. "माझी दोनच वर्षं राहिलीत."

"माझे सात महिने," डागबाई म्हणाली. "गाडी काढा इथून."

कचेरीत परत आल्यावर तिने पडद्यावर पाहिलं. रेघ चढून जागेवर आली होती. तिने वेळ लिहिली, पुढे लिहिलं, जीप, आणि खणातून पायऱ्यांची जुनी वही काढून तिच्या पहिल्या पानावरही तोच शब्द लिहिला. मग साहेबांना फोन लावला.

"डोंगर काय म्हणतो साहेब?"

"नेहमीसारखाच," साहेब धापा टाकत म्हणाले. पाहुण्यांबरोबर चढ चढत असावेत. "झरा गार आहे. यंत्रांत काही नाही. पण हा डोंगर आहे बाई, मी त्याचा जामीन राहत नाही."

फोन ठेवल्यावर तिला एक सोपी वाट दिसली. दोनच दिवस. काही न बोलता ते जाऊ द्यायचे. शनिवारी कोठीत जाऊन सांगायचं, ताई, नऊ दिवस सरले, धोका टळला. दोघं घरी जातील. ताईचा विश्वास जिथल्या तिथे राहील, आणि चार वर्षांपूर्वीचं ते दुखणं डोंगराच्या खात्यावर राहील, जिथे ते आजवर होतं. फक्त दोन दिवस. तिने दोनदा चष्मा पुसला. मग तिला पलीकडच्या अंगाचा तो संडास आणि उतरायच्या तीन पायऱ्या आठवल्या, आणि तिने पिशवी उचलली.

दुपारच्या बसने ती कोठीवर पोचली. छापखाना जेवणासाठी थांबला होता, त्यामुळे शांत होतं. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. ताई ऐकत राहिली, हातातलं फडकं पिळल्यासारखं धरून.

"म्हणजे जीप होती?"

"जीप."

"आणि छप्पर पडलं तेव्हा?"

"तेव्हाही जीपच. पण जीप आली ती साहेबांना संशय आला होता म्हणून. खरं कळलं होतं त्यांना. माझ्या यंत्राला फक्त त्यांची गाडी कळली."

ताईची नजर नवऱ्याच्या डाव्या हाताकडे गेली. तो चादरीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडला होता.

"आणि हे झालं तेव्हा?"

"तेव्हा रेडिओचा खांब दुरुस्त करायला आले होते," डागबाई म्हणाली. "दुसरं काही नव्हतं."

 मग पलंगावरून खर्रकन आवाज आला. डागबाईला वाटलं, भाऊजींना ठसका लागला. ते हसत होते, उजव्या गालाने.

"जीपखाली आलो," ते म्हणाले, "म्हण की."

"गप्प बसा!" ताई ओरडली. "हसताय काय? चार वर्षं मी ह्यांना उचलतेय. चार वर्षं मी मनाला सांगतेय, धाकटीने जीव वाचवला एकदा, तिला बोलायचं नाही. जीभ चावून धरली गं मी. आणि तू खाली उतरून एकदा बघितलं नाहीस? दोनशे पावलं?"

"नाही बघितलं."

"का?"

डागबाईने विचार केला. खोटं बोलण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं. "खरं ठरलं होतं ना एकदा. पुन्हा बघावंसं वाटलं नाही."

ताई भिंतीला टेकून खाली बसली. तिने पदराने नाक पुसलं. छापखान्यातला माणूस दारात डोकावला आणि तसाच मागे फिरला.

"मग आता घरी जायचं ना?" ताईने शेवटी विचारलं. आवाजातला राग संपला होता. जे उरलं ते जास्त दमलेलं होतं. "धोका नाही ना?"

"ते मला सांगता येत नाही."

"अगं, आत्ताच म्हणालीस ना, काही नव्हतं म्हणून."

"माझ्या आलेखात काही नव्हतं. डोंगरात काय आहे ते मला माहीत नाही. जा म्हणाले तरी तो अंदाजच, आणि राहा म्हणाले तरीही. साहेब म्हणतात नेहमीसारखं आहे. मला तेवढंसुद्धा म्हणता येत नाही, ताई."

"इतकी वर्षं तर घडाघडा सांगत होतीस!"

"हो."

"मग मी विचारू कुणाला?"

भाऊजींनी उजव्या हाताने पलंगाची कड दोनदा ठोकली. "मला," ते म्हणाले. "मला कुणी विचारलंय का? तीनदा उचललंत. एकदा तरी?" शब्द जुळवताना त्यांच्या कपाळावर घाम आला. "घरी. तिथे संडास दाराशी आहे."

टेंपो मिळायला तास गेला. चढवताना ताईने डोक्याकडची बाजू धरली, डागबाईने पायांकडची.  वस्तीच्या तोंडाशी तोच शेजारी उभा होता. "आलात? टळलं का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," डागबाई म्हणाली. त्याला काही तरी चुरचुरीत उत्तराची सवय असावी, तो तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

घरात आठवड्याची धूळ होती. ताईने आधी नवऱ्याला दाराशीच्या संडासात नेऊन आणलं, टेकून बसवलं, मग चूल पेटवली. मऊ भात आणि मीठ. डागबाई झाडत होती.

"तुझी शेवटची बस साडेपाचची," ताई पाठ न वळवता म्हणाली.

"मी राहते आहे."

"किती दिवस?"

"रजा टाकलीय. राहीन."

"कशासाठी? आम्ही घाबरू म्हणून?"

"नाही. तुम्ही इथे आणि मी तिकडे वर बसून रेघ बघत असायचं, ते नको वाटतं."

 ताईने वाटी भरून तिच्या हातात दिली. "मग भरव त्यांना. घाई करू नकोस, उजव्या गालाला घास दे."

भाऊजींनी पहिला घास घेतला, बराच वेळ चघळला, गिळला. दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला फळीवरची भांडी बारीक किणकिणली. दिव्याची दोरी हलली. पायाखालून काहीतरी जड वाहन गेल्यासारखं झालं आणि थांबलं. हादरा नेहमीचा होता, किंवा नव्हता.

ताई चुलीपाशी उठून उभी राहिली आणि सवयीने तिने बहिणीकडे पाहिलं. भाऊजींनीही पाहिलं. दोघांच्या नजरा एकाच जागी येऊन थांबल्या. माहीत नाही, अशी तिने मान हलवली.

"हं," ताई म्हणाली. ती दारापर्यंत गेली, डोंगराकडे बघितलं, दार पूर्ण उघडून त्याला दगड लावला, म्हणजे बाहेर पडायचं झालं तर अडायला नको, आणि परत येऊन भात ढवळू लागली.

"आणखी घेणार का, विचार त्यांना," ती म्हणाली.